शेऱ्याचा रकाना

एकतीस वर्षं मी फेरीबोटीच्या पोटात
इंजिनाला पाठ लावून झोपलो.
निवृत्तीच्या पहिल्याच रात्री, घरात,
दचकून उठलो: इंजिन बंद पडलं!
तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

झिविलेची झोप माझ्याही आधी गेलेली.
का, ते तिने मला सांगितलं नाही.
मी विचारलंही नसेल.

एकच खाट, दोन इलाज.
डॉक्टर शिमकुतेंनी मला गोळी दिली,
पांढरी, मधोमध रेघ असलेली,
थोडेच आठवडे हं, असं बजावून.
झिविले म्हणाली, मला नको,
आणि दर मंगळवारी क्लायपेदाभर वळसे घेणाऱ्या बसने
दोमांतासकडे जायला लागली.
पोरगाच तो. पायात लोकरीचे मोजे, जोडे दाराबाहेर.
बोलून झोप येते?
आमच्याकडे तर बोलण्यानेच उडायची.

गोळी बोलत नाही.
दहाला घेतली की साडेदहाला
कुणीतरी वरून झाकण लावतं.
स्वप्न नाही, कूस नाही.
सकाळी जिभेवर तांब्याच्या नाण्याची चव,
आणि चहात साखर घातली की नाही, आठवत नाही.
पण झोप ती झोप.
उसन्या पिठाचाही पाव फुगतोच.

तिचे नियम ऐका:
एक वाजेपर्यंत आडवं व्हायचं नाही.
सहाला उठायचं, डोळा लागलेला असो नसो.
घड्याळाचं तोंड भिंतीकडे.
खाटेवर वाचन नाही, हिशेब नाही, रडणं नाही.
झोप येईना तर स्वयंपाकघरात जाऊन बसायचं,
पेंग आली की परत.
म्हणजे माणूस झोपत नाही म्हणून
त्याची आहे ती झोपही कापायची!
असा मेकॅनिक मी
पहिल्याच धक्क्यावर उतरवला असता.

दुसऱ्या आठवड्यात ती दारांना धडकत होती.
मिठाच्या बरणीत चहा ओतला.
मला म्हणाली, काही बोलू नकोस.
सगळं बोलणं मंगळवारीच खर्च होत असणार.
मला जे नाही सांगितलं,
ते त्या मोज्यांना सांगत असणार.

जूनमध्ये, रात्री अकरापर्यंत उजेड रेंगाळतो तेव्हा,
तिची वही टेबलावर राहिली.
उघडली. चोरासारखी नाही,
चोर आधी चष्मा शोधत बसत नाही.
आत नुसते आकडे.
आडवी झाले १.०५. जाग २.२०. परत ३.१०.
पानामागून पान, बंदरातल्या नोंदवहीसारखं.
मी नाही, दुःख नाही, कुणाचं नाव नाही.
फक्त शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून,
एकदा: लिंडनचा चहा. उपयोग शून्य.
एकदा: दोमांतास म्हणतो, झोपेमागे धावू नका.
मग काय, तिने माझ्यामागे धावायचं?
आणि चौदा मेला, बारीक अक्षरात:
तो फार शांत झोपतो आता. पूर्वी तळमळायचा.
श्वास मोजत बसले. दोनशे अकरापर्यंत.

वही होती तशी ठेवली.
डॉक्टरांना विचारून
गोळी त्या रेघेवर तोडायला लागलो.
काही आठवडे अर्धी. मग चतकोर.
चतकोर सोपी नसते,
सुरीखालून उडते, फ्रीजमागे जाते,
आणि साठीतला माणूस टॉर्च घेऊन
जमिनीवर ओणवा होतो.
काल तीही नाही घेतली.

दोनला डोळे टक्क.
नियम तिचा, तरी उठलो.
तिची खुर्ची, तिची शाल,
खिडकीबाहेर बंदरातली क्रेन
लाल दिवा लावून उभी, तीही जागीच.
आणि आतून आवाज आला,
थंडीत सुरू व्हायला कुरकुरणाऱ्या डिझेलसारखा.
अडकला. खोकला. मग लयीत आला.
झिविले घोरत होती.

वही ओढली. माझ्या जाड अक्षरात लिहिलं:
२.१० पासून. ती झोपलेली. मी जागा.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवून
बराच वेळ बसलो,
मोजत.
एकशे साठच्या पुढे कुठेतरी
आकडे चुकले.